पूर्व आफ्रिकेतला महाकाय मिलिपीड ओळखायचा कसा?

दार-एस-सलाम, मोम्बासा, झांझिबार किंवा उत्तर मोझांबिककडे नव्यानं राहायला आलेल्या मराठी घरांत पहिल्या पावसानंतर एक फोटो हमखास फिरतो. अंगणाच्या भिंतीवरून चाललेला, बोटाएवढा जाड, वीतभर लांब, काळाकुळकुळीत किडा. खाली प्रश्न असतो, "विषारी आहे का?" कोणीतरी मोबाईलवर शोधून "जायंट आफ्रिकन मिलिपीड" असं उत्तर देतो आणि विषय मिटतो. ते उत्तर कधी बरोबर असतं, कधी नसतं. पण पाठीवरून काढलेल्या एका फोटोवर ते ठामपणे देताच येत नाही, एवढं नक्की.

मी व्यवसायानं प्राणिशास्त्रज्ञ नाही. इथल्या किनारपट्टीवर राहतो, मार्च ते मेच्या मोठ्या पावसात (इथे त्याला 'मसिका' म्हणतात) दार-एस-सलामजवळच्या पुगूच्या टेकड्यांत भटकतो आणि दिसेल तो मिलिपीड नोंदवतो. सुरुवातीला जी माहिती एका जागी मिळत नव्हती, ती इथे क्रमानं मांडतो आहे. जंगलात जायची गरज नाही, घरामागच्या पालापाचोळ्यातही हे सगळं करता येतं.

आधी पाहुण्याची ओळख

ज्याला लोक महाकाय मिलिपीड म्हणतात त्याचं शास्त्रीय नाव आर्किस्पायरोस्ट्रेप्टस गिगास. बर्लिनचे निसर्गअभ्यासक विल्हेल्म पीटर्स १८४०च्या दशकात मोझांबिकमध्ये फिरले होते. त्यांनी १८५५ साली या प्रजातीचं वर्णन केलं. मोझांबिकपासून केनियापर्यंतचा सखल प्रदेश हे याचं घर, शिवाय दक्षिण अरबस्तानात ओमानच्या धोफार भागातही तो आढळतो. जंगल त्याला आवडतं, पण थोडीफार झाडं असलेल्या किनाऱ्यावरही तो भागवून घेतो. १००० मीटरच्या वर मात्र क्वचितच जातो. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. टान्झानियातल्या उसांबाराच्या उंच डोंगरात, गार हवेच्या ठिकाणी मोठा काळा मिलिपीड दिसला तर आधी दुसऱ्या प्रजातींचा विचार करायचा.

नोंदलेला सर्वांत लांब नमुना ३८.७ सेंटिमीटरचा, घेर ६.७ सेंटिमीटर आणि पाय २५६. नावात "मिली" म्हणजे हजार असलं तरी हजाराच्या वर पाय असलेली पहिली प्रजाती २०२१ साली ऑस्ट्रेलियातून जाहीर झाली, ती जमिनीत खोल राहणारी, फिकट आणि दोऱ्यासारखी बारीक आहे. आपला हा राक्षस त्या मानानं कमी पायांचा.

मराठवाड्यात उगवत्या सोयाबीनची रोपं कुरतडणारा जो पैसा किंवा वाणी शेतकऱ्यांना छळतो, तो याच वर्गातला. त्यामुळे शरीराची ढोबळ रचना तुम्हाला अगदीच अनोळखी नाही, फक्त इथे ती भिंगाशिवायही दिसते.

लागणारं साहित्य

- दहापट मोठं दाखवणारं हातभिंग
- मोबाईल, जमलं तर क्लिप लावायची मॅक्रो लेन्स
- डोक्याला बांधायची विजेरी, कारण हे प्राणी रात्री जास्त फिरतात
- झाकणाचा, सपाट तळाचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा
- नायट्राइलचे हातमोजे
- शिंप्याची मऊ मोजपट्टी, नसेल तर सुतळीचा तुकडा आणि फूटपट्टी
- पेन्सिल आणि वही (पावसात शाई पसरते)

एकूण खर्चात हातभिंगच काय ते महाग पडतं. ते चांगलं घ्या.

पायरी १ : गोम नाही ना, हे आधी बघा

ही पायरी गाळू नका, कारण मोठी गोम चावते आणि चांगलीच चावते. गोमेच्या प्रत्येक खंडाला पायांची एकच जोडी असते, पाय बाजूला पसरलेले असतात, शेवटची जोडी मागे लांब निघालेली असते आणि अंग चपटं असतं. उजेड पडला की ती सटकन पळते. मिलिपीडच्या बहुतेक कड्यांना पायांच्या दोन जोड्या असतात, पाय अंगाखालून निघतात आणि चाल संथ असते. पायांची लाट मागून पुढे सरकताना दिसते. त्रास दिला तर पळण्याऐवजी तो चकलीसारखा गुंडाळतो, डोकं मधोमध.

गोमेच्या तोंडाखाली विषाचे नखर असतात, मिलिपीडला असं काहीच नाही. तो चावून विष टोचत नाही. त्याचं हत्यार दुसरं आहे, त्याकडे पुढे येऊ.

पायरी २ : गट ठरवा

जगात मिलिपीडच्या सुमारे १२,००० प्रजातींचं वर्णन झालेलं आहे, तेव्हा थेट प्रजातीवर उडी मारून उपयोग नाही. अंगाचा आडवा छेद कसा असेल, याची कल्पना करा. पाठीच्या दोन्ही बाजूंना पंखांसारखे कठीण पत्रे निघालेले आणि कडी विसाच्या आसपास असतील, तर तो पॉलीडेस्मिडा गटातला. अंग पूर्ण गोल, नळीसारखं आणि कडी चाळीस-पन्नासच्या पुढे असतील तर आपण योग्य रस्त्यावर आहोत.

खरी गफलत यानंतर होते. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नळीसारखे मोठे मिलिपीड मुख्यतः दोन गटांतले: स्पायरोस्ट्रेप्टिडा, ज्यात आपला गिगास येतो, आणि स्पायरोबोलिडा. दुसऱ्या गटातला एपिबोलस पुल्क्रिपेस केनिया-टान्झानियाच्या किनाऱ्यावर भरपूर दिसतो. काळं अंग, लालभडक पाय, लांबी गिगासच्या निम्म्याच्या आसपास. त्याला "गिगासचं पिल्लू" म्हणून टाकलेले फोटो मी कितीतरी पाहिले आहेत.

रंगावर भरवसा न ठेवता चेहरा बघा. डबा नाकासमोर धरा आणि प्राण्याच्या कपाळावर भिंग लावा. डोक्याच्या माथ्यावरून खाली वरच्या ओठापर्यंत येणारी ठळक उभी रेघ दिसली तर तो स्पायरोबोलिडा. गिगासच्या गटात अशी ठळक, सलग खाच दिसत नाही, चेहरा गुळगुळीत वाटतो. शिवाय स्पायरोबोलिडाच्या मिशा सहसा आखूड, डोक्याला चिकटून राहणाऱ्या. स्पायरोस्ट्रेप्टिडाच्या लांब आणि चालताना जमीन चाचपत राहणाऱ्या. मिशांवरून अंदाज बांधा, पण निर्णय त्या रेघेवर घ्या.

पायरी ३ : डोकं नीट वाचा

मिशा कोपरात वाकल्यासारख्या असतात. टोकाशी भिंग नेलं तर चार बारीक शंकू दिसतात. वास, चव, ओलावा यांची खबर त्यांच्यामार्फत लागते, म्हणून तो सतत जमिनीला टोकं लावत चालतो. डोळा म्हणजे एक मोठा गोळा नसून ओळीत मांडलेल्या साध्या डोळ्यांचा पुंजका. वाढत्या वयात कात टाकताना या ओळींत भर पडते, म्हणून लहान पिल्लाच्या डोळ्यांची संख्या मोठ्याशी ताडून बघू नका.

तोंडाखाली एक सपाट पट्टी असते, तिला ग्नॅथोकायलेरियम म्हणतात. तिची ठेवण गटागटात बदलते आणि तज्ज्ञ ती बघतात. आपल्याला ती जिवंत प्राण्यात नीट दिसणं कठीण. डब्याच्या तळातून फोटो मिळाला तर ठेवून द्या, नाही मिळाला तर पुढे चला.

पायरी ४ : कडी मोजा, पण सावधपणे

डोक्यामागचं पहिलं कडं मोठं, मानेवर चढवलेल्या कॉलरसारखं असतं, त्याला कोलम म्हणतात. त्याला पाय नसतात. त्यामागच्या काही कड्यांना पायांची एकेकच जोडी, आणि मग शेपटापर्यंत प्रत्येक कड्याला दोन-दोन. असं का? गर्भात दोन खंड जुळून एक कडं तयार होतं म्हणून. या हिशोबानं २५६ पायांच्या प्राण्याला पासष्टच्या आसपास कडी लागतात, हा अंदाज मोजताना जवळ ठेवा.

मोजताना लोक अडखळतात ते एका कारणानं. प्रत्येक कड्याचे दोन भाग असतात: पुढचा गुळगुळीत भाग आधीच्या कड्यात सरकतो, मागचा भाग बाहेर राहतो. प्राणी अंग ताणून चालत असला की पुढचा भागही उघडा पडतो, त्याची छटा थोडी वेगळी असते, आणि मोजणारा एका कड्याची दोन कडी करतो. यावर उपाय कड्याच्या बाजूला आहे. दोन्ही कुशींवर, साधारण सहाव्या कड्यापासून मागे, प्रत्येक कड्यावर एक बारीक छिद्र असतं. या छिद्रांची रांग मोजा. एक छिद्र म्हणजे एक कडं, त्यात पुढची बिनछिद्राची कडी मिळवा. फोटो मोबाईलवर मोठा करून दर दहाव्या कड्यावर ठिपका देत गेलात तर चूक होत नाही.

हीच ती छिद्रं, ज्यांतून तो चिडल्यावर पिवळसर-तपकिरी द्रव सोडतो. त्यात बेंझोक्विनोन नावाची रसायनं असतात. कातडीवर लागलं तर आधी पिवळट आणि मग तपकिरी-जांभळा डाग पडतो. तो धुऊन जात नाही, कातडी बदलेल तेव्हा जातो. डोळ्यात गेलं तर आग होते आणि इजाही होऊ शकते. लगेच भरपूर पाण्यानं धुवा आणि डॉक्टरांकडे जा. हातमोजे यासाठीच. मुलांना हा प्राणी दाखवायला माझी ना नाही, पण हात लावल्यावर डोळे चोळायचे नाहीत आणि साबणानं हात धुवायचे, हे आधी बजावून ठेवा. चपट्या पॉलीडेस्मिडा गटातले बरेच मिलिपीड क्विनोनऐवजी हायड्रोजन सायनाइड सोडतात, त्याला कडू बदामासारखा वास येतो. बंद डब्यात असा वास आला तर झाकण उघडा आणि पायरी २ पुन्हा तपासा.

शेपटाकडची एक-दोन कडी बिनपायाची दिसली तर पाय तुटले असं समजू नका. मिलिपीड अंड्यातून बाहेर येतो तेव्हा त्याला पायांच्या तीनच जोड्या असतात. प्रत्येक कातेला मागच्या बाजूला नवी कडी जोडली जातात, ती आधी बिनपायाची असतात, पुढच्या कातेत त्यांना पाय फुटतात. बिनपायाची कडी जास्त दिसली तर प्राणी अजून वाढतो आहे. म्हणून पायांची संख्या हा प्रजाती ओळखायचा आधार होऊच शकत नाही. तो वयाचा पुरावा आहे.

पायांच्या बुडाशी फिकट तपकिरी, फिरते ठिपके दिसले तर ते माइट, म्हणजे कोळ्यांच्या वर्गातले बारीक जीव. गिगासच्या अंगावर ते नेहमीचेच भाडेकरू आहेत. प्राणी आजारी आहे असा निष्कर्ष काढू नका आणि ते काढायच्या फंदात पडू नका.

पायरी ५ : नर की मादी?

या पायरीवर पुढचं सगळं अवलंबून आहे. प्राण्याला पारदर्शक डब्यात ठेवा आणि गुंडाळलेला असेल तर थांबा. ओढून सरळ करू नका, पाय तुटतात. पाच-सात मिनिटांत तो आपणहून उलगडतो. चालू लागला की डबा डोक्याच्या वर धरून खालून बघा.

कोलम एक, त्यामागचं दोन, असं करत सातव्या कड्यापर्यंत या. सातव्या कड्याखाली इतरांसारखे पाय दिसले तर ती मादी किंवा लहान पिल्लू. तिथे पायांच्या जागी खंड पडलेला आणि मध्ये एक खोलगट फट दिसली तर तो प्रौढ नर. त्या फटीत त्याचे गोनोपॉड असतात, म्हणजे समागमासाठी रूपांतरित झालेले पाय. आणखी एक खूण आहे. या कुळातल्या नरांच्या पायांच्या सांध्यांवर खालून मऊ, फिकट गाद्या असतात, पकड मिळावी म्हणून. मादीत त्या नसतात. नर अंगानं सडसडीत आणि पायांनी लांब, मादी थोराड, पण दोन्ही शेजारी असल्याशिवाय हा फरक सांगू नये.

पायरी ६ : प्रजातीचं नाव कुठे लपलं आहे

स्पष्टच सांगतो. आकार, रंग, पायांची संख्या, कड्यांची चमक यांतलं काहीही प्रजाती ठरवत नाही. ती ठरते नराच्या गोनोपॉडच्या आकारावरून. गिगासच्या गटात सातव्या कड्याच्या पायांपैकी पुढची जोडी गोनोपॉड बनते आणि मागची लोप पावते किंवा नाममात्र उरते. स्पायरोबोलिडात मात्र दोन्ही जोड्या बदलतात, पुढची ढालीसारखी आणि मागची प्रत्यक्ष कामाची. गोनोपॉडच्या लांब, बारीक भागाचे वळसे, काटे आणि पाती प्रजातीगणिक वेगळी असतात. कोपनहेगनचे हेन्रिक एनघॉफ यांनी टान्झानियाच्या पूर्वेकडच्या डोंगरांतून एकामागून एक नव्या प्रजाती पुढे आणल्या, त्याही बहुतांशी याच अवयवांच्या आधारावर. बाहेरून जुळ्या वाटणाऱ्या दोन मिलिपीडांत फरक फक्त इथेच सापडतो, असं वारंवार घडतं.

म्हणून मादीचा किंवा पिल्लाचा फोटो कितीही सुंदर असो, बऱ्याचदा वंशापर्यंतच थांबावं लागतं. कोणी ठामपणे प्रजाती सांगितली तर "कशावरून?" असं विचारा.

जिवंत नराचे गोनोपॉड बाहेर ओढायचा प्रयत्न करू नका, ते आत खेचलेले असतात आणि प्राणी मरतो. रस्त्यावर ताजा मेलेला नर सापडला आणि तुमच्याकडे नमुना गोळा करायची परवानगी असेल तर तो ७० ते ८० टक्के अल्कोहोलमध्ये बुडवा आणि आत पेन्सिलनं लिहिलेली चिठ्ठी टाका: ठिकाण, अक्षांश-रेखांश, तारीख, आसपास काय होतं, कोणी उचललं. चिठ्ठी नसलेला नमुना संग्रहालयाच्या काहीच कामाचा नाही. कोरड्या ऋतूत झाडाखाली पांढरी, सुटी झालेली कडी सापडतात. कवचातल्या चुन्यामुळे ती टिकतात. मुलांना दाखवायला छान, ओळख पटवायला निरुपयोगी.

पायरी ७ : तज्ज्ञाच्या उपयोगाचे फोटो

एकच देखणा फोटो नको, हा संच हवा:

- वरून पूर्ण अंग, शेजारी मोजपट्टी
- चेहरा समोरून, कपाळावरची रेघ आहे की नाही हे कळेल असा
- कोलम बाजूनं (याच्या खालच्या कडेच्या रेघा आणि कोपरा महत्त्वाचा, नर-मादीतही तो बदलतो)
- मधली आठ-दहा कडी बाजूनं, छिद्रं दिसतील अशी
- शेपटाचं शेवटचं कडं आणि गुदद्वाराची दोन झाकणं
- खालून पहिली दहा कडी

शेवटचा फोटो लोक काढतच नाहीत आणि तोच सर्वांत मोलाचा. लांबी मोजायची तर चालत्या प्राण्याच्या कुशीला समांतर सुतळी ठेवा आणि ती मोजा. गुंडाळलेल्या प्राण्याची लांबी अंदाजानं लिहू नका. मधल्या भागाची जाडी मात्र जरूर लिहा, कारण अंग ताणलं-आखडलं तरी ती फारशी बदलत नाही.

सगळं दहा मिनिटांत आटपा. मिलिपीडची श्वासाची छिद्रं पायांच्या बुडाशी असतात आणि ती कीटकांसारखी घट्ट मिटत नाहीत, त्यामुळे कोरड्या हवेत तो भराभर सुकतो. डबा उन्हात ठेवलात तर त्याहून लवकर संपतो. डब्यात ओलं पान टाका आणि जिथून उचलला तिथेच सोडा. मातीच्या पोकळीत फिकट, मऊ, निपचित पडलेला दिसला तर तो कात टाकतो आहे. वरची माती परत ओढून घ्या आणि निघून जा.

आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर फोटो टाकताना ठिकाण अचूक द्या, उंची लिहा, आणि स्वतःहून "गिगास" न निवडता स्पायरोस्ट्रेप्टिडा किंवा कुळाचं नाव निवडा. मोबाईलचं सुचवणं पाठीच्या रंगावर चालतं, त्याला सातवं कडं दिसत नाही.

परवाने आणि कागदपत्रं

बघायला आणि फोटो काढायला सहसा काही लागत नाही, राष्ट्रीय उद्यानाचं किंवा वनखात्याचं प्रवेश शुल्क तेवढं भरा. नमुने गोळा करायचे असतील तर गोष्ट वेगळी. टान्झानियात संशोधनाचा परवाना कॉस्टेक हा तिथला विज्ञान-तंत्रज्ञान आयोग देतो, केनियात नाकोस्टी हा तसाच आयोग, आणि संरक्षित क्षेत्रासाठी त्या-त्या खात्याची परवानगी वेगळी. नमुना देशाबाहेर न्यायचा तर त्याचे कागद आणखी वेगळे. हौशी माणसानं या भानगडीत न पडता नैरोबीच्या नॅशनल म्युझियम्स ऑफ केनियासारख्या संस्थेत जाऊन आधी विचारावं, हे उत्तम.

सुट्टीत भारतात जाताना भाच्यांना दाखवायला एखादा जिवंत प्राणी डब्यात घालून न्यावा, असा मोह होतो. तो आवरा. परवान्याशिवाय जिवंत प्राणी आणणं बेकायदा आहे, आणि विमानतळावरच्या अधिकाऱ्याला तुम्ही सातवं कडं दाखवून काही उपयोग होणार नाही.

इंग्लंड-युरोपात राहणाऱ्यांना हा प्राणी पाळण्यासाठी दुकानात मिळतो. तिथेही पाटीवरचं नाव हे विक्रीचं नाव समजा. घेण्याआधी खालून बघायला मागा, चेहऱ्यावरची रेघ तपासा, आणि मूळ कुठल्या देशातून आला ते लेखी मिळतं का विचारा. पश्चिम आफ्रिकेतून आल्याचं सांगितलं, तर पाटीवर काहीही लिहिलेलं असो, तो गिगास नाही.